तीन एमएलची सवय

आमच्याकडं २०२४ च्या पावसाळ्यात २८ शेळ्या, २ बोकड आणि ११ करडं होती. सगळं उस्मानाबादी. गाव तुळजापूर तालुक्यातलं, जिल्हा धाराशिव, म्हणजे या जातीच्या माहेरातच आम्ही राहतो, त्यामुळं शेळी कशी पाळायची हे आपल्याला उपजतच येतं असा घरात सगळ्यांचाच समज होता, माझा तर जरा जास्तच. त्या सप्टेंबरमध्ये आम्ही जंताच्या औषधानं तीन करडं आंधळी केली आणि एक मारलं. औषध बनावट नव्हतं की एक्सपायरी झालेलं नव्हतं, औषध एकदम चांगलं होतं. कसं झालं ते सगळं सांगतो. आईला विचारून लिहितोय, ती म्हणली लिही, पण सगळं माझ्या एकटीच्या नावावर टाकू नको. तिचं बरोबरच आहे, तिच्या आधी चार जणांनी चुका केल्या होत्या आणि त्यातला पहिला मी.

मृगाच्या आधी आम्ही दरवर्षी आंत्रविषाराची लस टोचून घेतो. त्या वर्षी पण घेतली, पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, आदल्या वर्षीच झालेली होती. त्यामुळं लसीकरणाच्या बाबतीत आम्ही बिनघोर होतो आणि ते ठीकच होतं. घोळ जंताच्या औषधाचा. अल्बेंडाझोलची मोठी बाटली आणून ठेवायची आणि पावसाळाभर महिन्याच्या महिन्याला सगळ्या कळपाला पाजायची, मोठ्याला आठ एमएल, करडाला तीन एमएल. हे आठ आणि तीन कुठून आले ते विचारू नका. वडलांच्या वेळेपासून आहेत, मला वाटतं शेजारच्या मेंढपाळांकडून आले असणार. वजन कुणी कधी केलं नव्हतं. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन डोस त्या वर्षी वेळच्या वेळी झाले, मी मोबाईलवर रिमाइंडर लावून करत होतो आणि मला त्याचा अभिमान पण होता.

पाऊस चांगला झाला, ओढ्याकाठी गवत गुडघाभर. शेळी खरं तर वर बघून खाणारं जनावर, बाभळीचा पाला, बोर, सुबाभूळ, शेवरी असलं ओरबाडून खाईल, पण त्या वर्षी सगळीकडं पेरणी, बांधाला कुणी येऊ देईना म्हणून ओढ्याकाठचं कोवळं गवत हेच आमचं चराईचं रान झालं, आणि सकाळी सातलाच दव असताना सोडायचो कारण मला दहाला तालुक्याला कामाला जायचं असायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पोळ्याच्या सुमाराला दोन शेळ्या मागं राहायला लागल्या. कळप चालला की या दोघी अर्ध्या वाटेत बसायच्या. हगवण नाही, लेंड्या एकदम गोळीबंद, खाणं थोडं कमी पण खातायत, ताप नाही. मग एकीच्या जबड्याखाली सूज दिसली, पाण्याची पिशवी लोंबल्यागत, बोटानं दाबली की खड्डा पडायचा. गंमत म्हणजे संध्याकाळी चरून आली की सूज मोठी आणि सकाळी बघावं तर निम्मी. आम्हाला वाटलं काहीतरी काटा टोचला असेल नाहीतर दाढेत काही अडकलं असेल, भावानं तोंड उघडून बघितलं, काही नाही. हळद लावली. तिसऱ्या दिवशी ती शेळी सकाळी गोठ्यात मेलेली. चार वर्षांची, दोनदा जुळी दिलेली शेळी होती.

तिला आम्ही चुना टाकून पुरून टाकलं. ही पहिली मोठी चूक, कारण डॉक्टरांना बोलावून पोट उघडून बघितलं असतं तर सगळं तिथंच कळलं असतं. चौथ्या पोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचं जे खरं जठर असतं त्यात, दोन-तीन सेंटिमीटरचे बारीक जंत शेकड्यानं सापडले असते, मादी जंत तर तांबडी-पांढरी पिळाची सुतळी असते तशी दिसते, तांबडं म्हणजे आपल्याच शेळीचं रक्त. हिमोंकस नाव त्याचं. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ एमएल रक्त खातो, ऐकायला काहीच नाही, पण ५,००० जंत असले की रोजचं पाव लिटर होतं, आणि ३० किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं दोन-सव्वादोन लिटर. म्हणून हगवण नसते. जनावर हगून मरत नाही, आतून रक्त संपून मरतं. रक्तातली प्रथिनं कमी झाली की पाणी रक्तवाहिनीत थांबत नाही, खाली उतरतं, दिवसभर मान खाली घालून चरलं की जबड्याखाली साठतं आणि रात्री मान वर करून बसलं की ओसरतं. मी हे सगळं नंतर शिकलो. तेव्हा हळद लावत होतो.

दुसरी शेळी पण त्याच वाटेवर दिसली तेव्हा मी घाबरून औषधाच्या दुकानात गेलो. गौरी-गणपतीचे दिवस, दवाखान्याचे डॉक्टर दोन दिवस नव्हते, १९६२ या नंबरला फोन करून फिरता दवाखाना बोलवावा हे डोक्यातच आलं नाही. दुकानदाराला सांगितलं की अल्बेंडाझोल तीनदा पाजलं, तरी शेळ्या ढासळायलेत. माणूस वाईट नाही, त्याला अंदाज बरोबर आला, म्हणला त्या औषधाला जंत आता जुमानत नाहीत, हे घेऊन जा, क्लोसँटेल, याला मागं बघायचं काम नाही. मी विचारलं किती पाजू. त्यानं सांगितलेलं वाक्य मला शब्दाला शब्द पाठ आहे: "मोठ्याला दोन एमएल, बारक्याला बघून द्या."

मी त्याच दिवशी संध्याकाळी सगळ्या मोठ्यांना दोन-दोन एमएल पाजलं. नवी दोन एमएलची सिरींज आणली होती, सुई काढून. अंधार पडला, करडं राहिली. आईला म्हणलं उद्या सकाळी करडांना पाज, औषध खिडकीत ठेवलंय. एवढंच म्हणलं. किती, ते मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही, कारण करडाला किती पाजायचं हे आमच्या घरात विचारायची गोष्टच नव्हती. तीन एमएल. आणि खिडकीत जुनी पाच एमएलची सिरींज पण होतीच.

सकाळी आईनं पाच करडांना तीन-तीन एमएल पाजलं. सहावं हातात धरलं आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी तीन दिवसाआड, पाणी आलं की माणूस मयतावरून पण उठून येतं. ती घागरी भरायला गेली आणि मग पुरणाच्या गडबडीत ते राहूनच गेलं. ग्रामपंचायतीच्या नळाचे आमच्यावर सहा करडांचे उपकार आहेत.

आता हिशोब बघा, कारण सगळं प्रकरण या हिशोबातच आहे. आमची अल्बेंडाझोलची बाटली अडीच टक्क्याची होती, म्हणजे एका एमएलमध्ये २५ मिलीग्रॅम औषध. क्लोसँटेलची बाटली १५ टक्क्याची, एका एमएलमध्ये १५० मिलीग्रॅम. सहापट. दोन्ही औषधांचा डोस शेळीला मात्र सारखाच, किलोला १० मिलीग्रॅम. म्हणजे आठ किलोच्या करडाला ८० मिलीग्रॅम पाहिजे. अल्बेंडाझोलचे तीन एमएल दिले तर ७५ मिलीग्रॅम गेले, बरोबर बसतं, आमच्या वाडवडलांचे तीन एमएल करडापुरते तरी चुकीचे नव्हते. पण तेच तीन एमएल क्लोसँटेलचे दिले तर ४५० मिलीग्रॅम. पाहिजे होतं अर्ध्या एमएलला थोडं जास्त, गेलं तीन. साडेपाचपट. आणि क्लोसँटेल हे असलं औषध आहे की योग्य मापात गाभण शेळीलाही चालतं, पण चार-पाच पटीला गेलं की डोळ्याच्या पडद्यावर आणि डोळ्याकडून मेंदूकडं जाणाऱ्या नसेवर घाव घालतं.

आणखी एक म्हणजे ते लगेच दिसत नाही. पहिले दोन दिवस करडं जरा मलूल होती, दूध कमी पीत होती, आम्हाला वाटलं जंत मरायलेत त्याचा त्रास असेल. चौथ्या दिवशी संध्याकाळी शेळ्या चरून आल्या. रोज त्या वेळी करडं नुसती धुमाकूळ घालतात, आईच्या कासेला भिडायला एकावर एक उड्या. त्यातलं एक करडू, कपाळावर पांढरा ठिपका असलेली पाट, म्हणजे मादी करडू, आवाज ऐकून पळत निघाली आणि सरळ जाऊन बाजेच्या पायाला धडकली. उठली, परत निघाली, परत बाजेलाच. मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. मग दुसरं करडू भिंतीला कपाळ टेकवून उभं असलेलं दिसलं, नुसतं उभं.

आई म्हणली दृष्ट लागली. शेजारचे काका म्हणले भोवरी झालीय, मेंदूत पाणी भरतं ते, गोल गोल फिरून मरतील, विकून टाका. मी ठिपकेवालीला उजेडात नेऊन डोळे बघितले. शेळीची बाहुली दिवसा उजेडी आडव्या फटीसारखी असते, पैशाच्या गल्ल्याला भोक असतं तशी बारीक. हिच्या डोळ्यात ती फट राहिलीच नव्हती. बाहुली फाकून वाटोळी झाली होती, सगळा डोळा काळा. सूर्य समोर असताना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी आधी करडांना हात न लावता गोठ्यात सोडून नुसतं बघितलं पाचेक मिनिटं. मग डोळ्यासमोर एकदम हात नेला, पण वारा लागणार नाही असा बाजूनं, कारण वारा लागला तर आंधळं जनावर पण पापणी मिटतं आणि आपण फसतो. पापणी हलली नाही. मग मोबाईलची बॅटरी लावली, बाहुली आकसते का बघायला. आकसली नाही. तेव्हा ते म्हणले, "मक्याचा भरडा किती घालतोस यांना?" मी म्हणलं मूठभर. त्यांनी सांगितलं की धान्य जास्त झालं की ब-१ जीवनसत्त्व कमी पडून पण शेळी अशी आंधळी होते, भिंतीला डोकं लावते, पण त्यात घोटाळा मेंदूत असतो, डोळा चांगला असतो, त्यामुळं बॅटरीला बाहुली आकसते. इथं आकसत नाही म्हणजे घोटाळा डोळ्यात नाहीतर नसेत. "काय पाजलं?"

मी बाटली आणली. त्यांनी टक्केवारी बघितली आणि विचारलं किती पाजलं. मी आईकडं बघितलं, आई म्हणली तीन. त्यांनी खुराकाच्या रिकाम्या पोत्यावर पेनानं तो हिशोब मांडला जो मी वर लिहिलाय, आणि पेन खिशात ठेवलं. आई तिथनं उठून आत गेली.

यावर उतारा नाही. पहिल्या काही तासात कळलं असतं तर पोटातलं औषध शोषून घेणारी कोळशाची पावडर पाजून काही साधलं असतं, पाचव्या दिवशी काय करणार. त्यांनी ब-१ ची इंजेक्शनं दिली, एखाद्याचा घोटाळा दुसऱ्या कारणाचा असला तर वाया जायला नको म्हणून, बाकी सावलीत ठेवा, दूध हातानं पाजा, पाणी तोंडाला लावा. सहाव्या दिवशी एक करडू आडवं पडलं, पाय मारत राहिलं आणि दुपारपर्यंत गेलं. तीन आंधळी राहिली. पाचवं जे होतं ते सगळ्यात मोठं, अकरा-बारा किलोचं बोकड, त्याला काहीच झालं नाही. एमएल तेवढेच गेले, पण अंग मोठं होतं म्हणून वाचलं.

मग डॉक्टरांनी मोठ्या शेळ्यांकडं मोर्चा वळवला. प्रत्येक शेळीची खालची पापणी अंगठ्यानं उलटून आतला रंग बघायला लागले. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतून आलीय, फामाचा म्हणतात, रंगाचं एक कार्ड असतं, एक म्हणजे लालभडक आणि पाच म्हणजे पांढरीफट्ट. वरची पापणी हलकी दाबायची, खालची ओढायची, उजेडात, आणि दोन सेकंदात सोडून द्यायची, जास्त वेळ ओढून धरली की रंग बदलतो. एक-दोनला औषध लागत नाही, चार-पाचला लागतंच, तीनला करडू किंवा दूध देणारी असली तर द्यायचं. आमच्या २७ शेळ्यात त्या दिवशी चार आणि पाचमध्ये फक्त सहा निघाल्या. सहा! मी तीन महिने सगळ्या कळपाला औषध पाजत होतो.

मला वाटलं होतं सगळ्यांना पाजणं म्हणजे काळजी घेणं. डॉक्टर म्हणले उलटं आहे. सगळ्यांना एकाच वेळी पाजलं की औषधाला दाद देणारे जंत सगळीकडनं मरतात आणि उरतात ते फक्त पचवणारे, मग त्यांचीच पिलावळ गवतावर. मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते, अंडं लेंडीतून गवतावर, तिथं अळी तयार होते आणि दवाच्या पाण्यातून गवताच्या काडीवर चढते, जास्त करून खालच्या दोन-तीन इंचात असते. म्हणून सकाळी सातला दवात ओढ्याकाठी सोडणं म्हणजे मी शेळ्यांना जंताची न्याहारी देत होतो. पोटात गेल्यापासून तीनेक आठवड्यात ती अळी मोठी होऊन अंडी घालायला लागते, त्यामुळं पावसाळ्यात हे चक्र गरागरा फिरतं. ज्या शेळ्यांना औषधाची गरज नाही त्यांना सोडून दिलं तर साधे जंत पण गवतावर शिल्लक राहतात आणि पचवणाऱ्यांची वाढ दबते. सुरवातीला पटायला जड जातं, जंत मुद्दाम ठेवायचे म्हणजे काय. मला एक सीझन गेल्यावर पटलं.

आणि ते आठ एमएल. ३० किलोच्या शेळीला आठ एमएल अल्बेंडाझोल म्हणजे २०० मिलीग्रॅम, किलोला पावणेसात. मेंढीला ते चाललं असतं. पण शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकाली काढतं, म्हणून शेळीला मेंढीपेक्षा जास्त लागतं, १२ एमएल पाहिजे होते. आम्ही वर्षानुवर्षं कमी डोस देऊन जंतांना तालीम देत होतो, मरू नका पण सवय करून घ्या. मेंढपाळाचं माप शेळीच्या घरात आलं की असं होतं. करडाला योग्य आणि मोठीला कमी, आणि मग नवीन औषध मोठीला योग्य आणि करडाला साडेपाचपट. एकाच घरात.

खरंच अल्बेंडाझोल चालत नाही का हे बघायला ऑक्टोबरमध्ये आम्ही परीक्षा केली. बऱ्या असलेल्या दहा शेळ्या निवडल्या, अशक्त मुद्दाम बाहेर ठेवल्या. लेंड्या ताज्या घ्यायच्या, जमिनीवरच्या नाही, हातात प्लास्टिकची पिशवी घालून थेट गुदद्वारातून, पिशवी उलटी करायची, गाठ मारायची, वर शेळीचा नंबर. बर्फात ठेवून जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात, म्हणजे जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात नेल्या. एका ग्रॅममागं सरासरी १,४०० अंडी. त्याच दिवशी प्रत्येकीचं वजन करून पूर्ण डोस अल्बेंडाझोल पाजलं आणि १४ दिवसांनी त्याच दहा जणींच्या लेंड्या परत नेल्या. ९०० अंडी. औषध चालत असतं तर ९५ टक्क्यांच्या वर घट यायला पाहिजे होती, आली ३६ टक्के. म्हणजे आमच्या कळपात ते औषध एकट्यानं हिमोंकसला निरुपयोगी झालेलं होतं, दुकानदार बरोबरच होता. तुमच्याकडं चालत असेलही, म्हणून आमचं बघून अल्बेंडाझोल फेकून देऊ नका, आपापल्या लेंड्या तपासा. सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आणि आमच्या अख्ख्या गावात ती कुणी केलेली नव्हती.

क्लोसँटेल का चालतं ते पण मी विचारून घेतलं. ते रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतं आणि जंत रक्त प्यायला की त्याच्या पोटात जातं. म्हणून रक्तपिऱ्या जंतावर आणि यकृतातल्या चपट्या कृमीवर भारी, पण जे जंत रक्त पीत नाहीत, टेपवर्म वगैरे, त्यांना काही होत नाही. आणि त्याच चिकटेपणामुळं ते अंगात बरेच दिवस राहतं. म्हणजे दूध आणि मटणाचा प्रश्न येतो. काकांचा "विकून टाका" हा सल्ला आठवतोय ना? साडेपाचपट औषध अंगात असलेलं करडू खाटकाला दिलं असतं तर ते कुणाच्या ताटात गेलं असतं? डॉक्टरांनी बजावलं की लेबलवर मटणासाठी जेवढे दिवस थांबायला सांगितलंय ते योग्य डोसचे असतात, इथं त्याच्या कितीतरी पुढं थांबायचं. आणि घरच्या चहाला ज्या शेळीचं दूध काढता तिला हे औषध पाजायचंच नाही. आम्ही पाजलेलं होतं तिला पण. दूध महिनाभर ओतून दिलं, पाहुण्यांना सांगायची पण लाज.

सहा पांढऱ्या पापणीवाल्या शेळ्यांचं काय झालं तर त्यातल्या पाच वाचल्या. क्लोसँटेल त्यांना आधीच बरोबर मापात गेलेलं होतं, परत काही पाजलं नाही. ब-१२ आणि लोहाचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं, खरा फरक पडला तो भुईमुगाच्या पेंडीनं आणि चारायला न नेण्यानं. रक्त कमी असलेल्या जनावराला दोन किलोमीटर चालवलं, पकडायला गोठ्यात पळवलं तरी ते धाप लागून जागेवर मरू शकतं. त्यांना गोठ्यातच शेवरीचा आणि सुबाभळीचा पाला टांगून दिला. तीन आठवड्यांनी पापण्या गुलाबी दिसायला लागल्या. सहावी गेली, ती तिसऱ्याच दिवशी गेली, या वेळी पोट उघडून बघितलं. सुतळ्या होत्याच, पण औषधानं सुटून आलेल्या, मेलेल्या. रक्त आधीच संपलं होतं.

आता घरात काय बदललं ते सांगतो, बऱ्याच जणांनी फोनवर तेच विचारलं. लटकवायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, सात-आठशे रुपयात आला. करडू पोत्यात घालून टांगायचं, डोकं बाहेर. मोठीला टांगणं अवघड म्हणून शिवणाची टेप, पुढच्या पायाच्या मागून छातीचा घेर इंचात, घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, भागिले ६६०, किलो येतात. घेर २८ आणि लांबी २५ आली तर साधारण ३० किलो. गाभण शेळीला हे फसतं, घेर जास्त येतो, तेवढं धरून चालायचं. गाभणीवरून आठवलं, अल्बेंडाझोल पहिल्या महिन्यात गाभण असलेल्या शेळीला द्यायचं नाही, पिलात व्यंग येऊ शकतं, आणि आमच्याकडं बोकड कळपातच मोकळा, म्हणजे कोण कधी फळली हे कळणार कसं. ते पण आम्ही इतकी वर्षं डोळे झाकून करत होतो.

सिरींजचा बंदोबस्त आईनं केला. १५ टक्क्याच्या बाटलीला तिनं लाल नेलपॉलिशचा पट्टा मारला आणि त्या बाटलीला रबरबँडनं एक एमएलची सिरींज बांधून टाकली, म्हणजे त्या बाटलीचं औषध तीन एमएल काढायचं म्हणलं तर तीनदा भरावं लागेल, आणि तीनदा भरताना माणसाला शंका येतेच. मला हे डॉक्टरांच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा भारी वाटतं. जुनी पाच एमएलची सिरींज तिनं चुलीत घातली. पाजताना डोकं आभाळाकडं करायचं नाही हे पण आता कटाक्षानं, नाक डोळ्याच्या पातळीच्या वर गेलं की औषध फुप्फुसात जायचा धोका असतो. गालाच्या बाजूनं सिरींज घालायची, जिभेच्या मागच्या बाजूला हळूहळू सोडायचं, गिळलेलं दिसलं की मगच तोंड सोडायचं. पूर्वी आम्ही बाटलीनंच ओतायचो, ठसका लागला की पाठीवर थापट्या.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी रविवारी पापण्या बघतो. वहीत शेळीचा नंबर, रंग, वजन, औषधाचं नाव, टक्केवारी, किती मिलीग्रॅम, मग एमएल. एमएल शेवटच्या रकान्यात, मुद्दाम. ज्या शेळीला एका पावसाळ्यात तीनदा औषध लागलं तिची पाट आम्ही पैदाशीला ठेवत नाही, कारण काही शेळ्यांच्या रक्तातच जंत पेलायची ताकद असते आणि काहींच्या नसते, हे वहीत लिहिल्याशिवाय कधी दिसलंच नसतं. आणि शेळ्या आता दव उतरल्यावर, दहाच्या पुढं सुटतात, भावाकडं ते काम दिलंय.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अजून रोज विचारतात, शेळीला अमुक औषध किती एमएल? आणि धडाधड उत्तरं येतात, पाच एमएल, दहा एमएल, हात जोडलेले इमोजी. मी आता प्रत्येक वेळी एकच लिहितो, बाटलीवरची टक्केवारी आणि वजन सांगा. लोक चिडतात. एकानं मला ग्रुपमधनं काढलं पण.

तीन आंधळ्यांपैकी दोन बोकड होते, ते आम्ही सात महिने सांभाळून मग विकले, घेणाऱ्याला सगळं सांगून, पडत्या भावात. ठिपकेवाली पाट ठेवली. गोठ्यातली प्रत्येक वस्तू आता जिथल्या तिथं असते, बाज तर कायमची बाहेर काढली, कारण घमेलं वीतभर जरी सरकवलं तरी ती अडखळते. पेंडीच्या डब्याचं झाकण वाजलं की तीच सगळ्यांच्या आधी गव्हाणीला. आई तिला आधी हाक मारते, मग हात लावते, नाहीतर दचकते. गेल्या रविवारी पापणी बघितली, दोन नंबरला आहे, वजन २६ किलो, गाभण आहे. औषधाच्या रकान्यात आईनं स्वतः रेघ ओढली.